गार्डाच्या डब्याचा रंग

पोळा जवळ आला की नांदेडच्या बाजारात रंगाचे छोटे डबे दुकानांच्या बाहेर येतात. वर गोंडे, कवड्यांच्या माळा, नव्या वेसणी टांगलेल्या, आणि खाली उघड्या खोक्यांत लाल, निळा, सोनेरी ऑइल पेंट. यंदाही आले. खोलीवर जाताना मी तिथे थोडी थांबले. टर्पेंटाइनचा वास आला. खरं तर आमच्या बैलांची आठवण यायला हवी होती. औसा तालुक्यात आमच्या घरी अजून एक जोडी आहे. पण आठवला तो वितीपेक्षाही लहान, प्लास्टिकचा, रेल्वेचा एक डबा. दोन वर्षांपूर्वी पोळ्यापासून दिवाळीच्या तोंडापर्यंतचे दिवस मी त्याला रंग देण्यात घालवले. त्या दिवसांत नेमकं काय घडलं ते मला अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही. लिहून पाहते.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं, त्यामुळे कॉलेजात काय करायचं असतं हे विचारायलाही कोणी नव्हतं. लातूर जवळ, पण तिथे नंबर लागला नाही, नांदेडला लागला. रेल्वे लाइनीच्या बाजूला वाघमारे काकांच्या घरात वरची खोली मिळाली. मी अजून तिथेच राहते. काका मालगाडीचे गार्ड होते. रिटायर होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, पण दुपारी मालगाडीचा आवाज आला की ते घास हातात धरून डबे मोजायचे. डोळे मिटून, नुसत्या आवाजावर. काकू भाजी वाढता वाढता म्हणायच्या, "रिटायर झाले, पन डब्यातनं उतरले न्हाईत अजून."

त्यांचा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. कामानिमित्त तो परदेशी गेला होता आणि तिथून बापासाठी त्याने खेळण्यातल्या मालगाडीचा शेवटचा डबा आणला, गार्डाचा. मोठ्या माणसांच्या छंदासाठी तिकडे असे डबे मिळतात म्हणे. लालभडक रंग, छपरावर मधोमध एक छोटी खिडक्यांची खोली उभी, शेजारी धुराडं, अंगावर कुठल्याशा कंपनीची पांढरी अक्षरं. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"ह्याला धुराडं कशाला रे? आत चूल मांडतेत का?"

"थंडी असते ना तिकडं. शेगडी असायची आत."

"आन् वरची ही माडी?"

"तिथं बसून सगळ्या गाडीवर नजर ठेवायची."

काकांनी डबा सरळ करून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "चांगली सोय होती बिचाऱ्यांची."

हे मला काकूंनी सांगितलं. पुढचं मात्र काकांनी स्वतः सांगितलं, जिन्याच्या पायरीवर बसून, माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीतल्या फुलांच्या आकृत्या बघता बघता. त्यांच्या हाताला कंप आहे. चहाची बशी ते दोन्ही हातांनी धरतात. "तुझा हात स्थिर हाय पोरी," ते म्हणाले. "ह्या डब्याला आपला डबा करून देशील का? मी सांगतो तसा. अगदी तसाच पायजे, उगं खेळणं नको."

"कोणासाठी?" मी विचारलं. मला वाटलं नातवासाठी असेल.

"खादरसाठी."

खादरभाई लातूरचे. इंजिनाचे ड्रायव्हर होते. कितीतरी वर्षं या दोघांची ड्युटी वरचेवर एकाच गाडीवर लागायची. पुढे खादरभाई आणि त्यांचा जोडीदार, सगळ्यात मागे काका एकटे, आणि मध्ये अर्ध्या किलोमीटरहून लांब कोळसा किंवा सिमेंट. एका गाडीवरची माणसं, पण गाडी चालू असताना बोलणं शिट्टीचं आणि झेंडीचं. वळण आलं की ड्रायव्हर मागे वळून बघणार आणि गार्ड बाहेर उभा राहून हिरवी दाखवणार. म्हणजे मागे सगळं ठीक आहे. गाडी मुक्कामाला पोचली की रनिंग रूममध्ये, म्हणजे स्टाफच्या विश्रांतीच्या खोलीत, जेवणाच्या वेळी, खादरभाई सगळ्या स्टाफसमोर म्हणायचे, "वाघमारे कू क्या है, पीछे गादी डाल के सोते आता. आंखां फाड के हमनाच बैठना." सगळे हसायचे. काकाही हसायचे.

"इतके वर्षं हसलो," काका म्हणाले. "पन खरं सांगू, मला ते लागायचं. त्या डब्यात दिवा न्हाई, पंखा न्हाई. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की पाठ टेकता येत न्हाई. झोपतो कुठून माणूस? त्याला एकदा आत बसवायचं होतं मला. एक दुपार. ते काही जमलं न्हाई, नियमात बसत न्हाई. आता त्याचं उजवं अंग गेलं. खाटेवर असतो. तो डब्यात येऊ शकत न्हाई, तर डबा त्याच्याकडं नेऊ." मग वही मिटून मला परत देत म्हणाले, "मी झोपत नव्हतो, एवढं त्याला कळलं पायजे. तो जायच्या आधी. न्हाईतर मी जायच्या आधी."

मी हो म्हणाले. नाही कसं म्हणायचं हे मला तेव्हा येत नव्हतं, आताही फारसं येत नाही.

आधी धुराडं आणि माडी हॅक्सॉच्या पात्याने कापली. भोकं एम-सीलने बुजवली. पांढरी अक्षरं पॉलिश पेपरने घासून काढली. मग रंग. रंग म्हटल्यावर मला एकच रंगकाम ठाऊक होतं. आठवीपासून दर पोळ्याला आमच्या बैलांची शिंगं मीच रंगवते. शिंग खरवडायचं, पुसायचं, टोकापासून खाली ब्रश एकदाच ओढायचा, पहिला सुकल्याशिवाय दुसरा हात द्यायचा नाही, आणि शेवटी वॉर्निश, म्हणजे शिंग उन्हात लांबून चमकलं पाहिजे. बाबा गावात सगळ्यांना सांगतात, शिंगं रंगवावीत तर आमच्या पोरीनं. मी डब्यालाही तसाच रंग दिला. तांबूस तपकिरी, तीन हात, वर वॉर्निश. एक ओघळ नाही. शनिवारी दुपारी खाली नेऊन काकांच्या समोर ठेवला तेव्हा मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटत होता.

काका बघत राहिले. काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, डबा पाहिला आणि खुर्चीत बसून हसायला लागल्या. "अगं बाई, पोळ्याला काढायचाय का ह्याला? गोंडे बांध की दोन."

"शिंगावानी चमकून राहिला," काका म्हणाले. त्यांनी आवाज मऊ ठेवला होता. "असा डबा मी कारखान्यातनं निघताना बी बघितला न्हाई, पोरी."

मी वर जाऊन पुन्हा पॉलिश पेपर हातात घेतला. चमक म्हणजे काळजी असं मी लहानपणापासून धरून चालले होते. ज्याच्यावर जीव आहे ते घासायचं, पुसायचं, रंगवायचं. कॉलेजात आल्यावर मी माझ्या बोलण्याचंही तेच केलं होतं. 'हाय', 'न्हाई', 'लई' हे सगळं घासून काढलं आणि वर एक गुळगुळीत हात दिला. वर्गात मी काही बोलले तर ते बरोबर असायचं; पण ते कोणाचं बोलणं आहे हे मलाच कधीकधी कळायचं नाही. असो. त्या दिवशी हे सगळं सुचलं होतं असं नाही. त्या दिवशी नुसतं वॉर्निश निघत नव्हतं म्हणून रडायला येत होतं.

दुसऱ्या वेळी काकांनी लोखंडी गेटला मारायचा रेड ऑक्साइड आणायला सांगितला. तो सुकला की मातीच्या भांड्यासारखा दिसतो, उजेड परत देत नाही. मग आतलं काम. खोक्यावर प्रमाण छापलेलं होतं: खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. पण खऱ्या डब्याची मापं काकांना इंच-फुटात आठवत नव्हती, अंगात आठवत होती. त्यांनी अंगणात स्टूल मांडलं, समोर धान्याची कोठी सरकवली आणि बसले. "इथं बाकडं. इथं माझी पेटी, गुडघा हिला असा लागायचा. जरा अलीकडं. हां. आता खिडकी, कोपर ठेवलं की बोटं बाहेर." मी टेप घेऊन त्यांचा गुडघा ते कोठी, खांदा ते हवेतली खिडकी असं मोजत होते आणि वहीत सत्त्याऐंशीने भागत होते. काकू दारातून म्हणाल्या, "नवरदेवाचं माप घेऊन राहिली का काय?"

बाकडं आगपेटीच्या काड्यांचं केलं. खिडकीची जाळी जुन्या चहागाळणीची. हाताने धरायचे दांडे पाण्याच्या जळालेल्या मोटारीतल्या तांब्याच्या तारेचे. शेवटची पाटी काकांच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातून कापली. तिच्यावर एल आणि व्ही ही दोन अक्षरं, लास्ट व्हेइकल, म्हणजे हाच शेवटचा डबा. ही पाटी दिसली की स्टेशनातल्या माणसाला कळतं, गाडी पूर्ण आली, मध्ये कुठे तुटून राहिली नाही. काका म्हणाले, झेंड्या गुंडाळून बाकड्याखाली ठेव. मी विचारलं, आत एक माणूस बसवू का, मातीचा, छोटा. त्यांनी मान हलवली. "नको. खादर बसल तिथं."

आता धूळ राहिली होती. मी घटस्थापनेला गावी गेले आणि येताना रुमालात आमच्या रानातली माती बांधून आणली. काळी, मऊ, चाळून घेतलेली. धूळ म्हटली की आमच्याकडे तीच. ब्रशने ती पायऱ्यांवर, चाकांवर, दारापाशी लावली. मला वाटलं, आता तरी खरा दिसतोय. काकांनी बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"हे शेतातलं हाय."

"हो. आमच्या रानातली."

"डबा वावरात उभा न्हाई राहत, पोरी. ब्रेक लागला की लोखंड झिजतं. त्याचं पीठ उडतं आन् बसतं. तांबडं असतं ते. दातात कचकच करतं. घरी आलो की ही गेरूच्या पाण्यासारखं पाणी फेकायची माझ्या कपड्यांचं."

"तांबडं गढूळ," आतून काकू म्हणाल्या. "साबणाला न जुमानणारं."

मग मी गच्चीच्या गेटचा गंज खरवडला. बिजागऱ्यांपाशी चांगला बारीक निघाला. काका सांगत गेले आणि मी लावत गेले: चाकांपाशी दाट, पायरीखाली दाट, वर जाता जाता विरळ, छपरावर थोडं काजळ. मग ते म्हणाले, आता रंग काढ. मला कळेना. "दांड्यावरचा. ह्या एका दांड्यावरचा, इथं मधे. इथं माझा हात असायचा." मी नखाने तिथला रंग घासला. खालची तांब्याची तार उघडी पडली, चमकली. त्यांनी त्या जागेवर अंगठा टेकवला आणि तसाच ठेवला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की डबा जमला.

आता मी गावी गेले की अशा जागा दिसतात. आमच्या दाराच्या कडीपाशी निळा रंग गेलेला आहे, बाबांच्या खांद्याच्या उंचीवर चौकट गुळगुळीत झाली आहे. आधीही त्या तिथेच होत्या. इथे नांदेडला कधी फाटकापाशी मालगाडी आडवी आली तर मी शेवटपर्यंत थांबते. काही गाड्यांच्या मागे आता गार्डाचा डबा नसतोच. शेवटच्या मालडब्यालाच एक पेटी लावलेली असते, लाल दिव्याची. ती इंजिनाला सगळं कळवते म्हणे. चांगलंच आहे. पत्र्याखाली कोणाला तापावं लागत नाही.

दसऱ्यानंतर लातूरहून फोन आला. खादरभाईंच्या बायकोचा, चाचींचा. दुसरा झटका आला होता. बोलणं जवळजवळ गेलं होतं. काकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. "आना है तो आ जाव भाईसाब," चाची म्हणाल्या. "दिवाली की राह नक्को देखो."

माझी परीक्षा चालू झाली होती. दोन पेपरांमध्ये तीन दिवस होते आणि पुढचा पेपर मला अवघड जाणारा होता. काका म्हणाले, तू अभ्यास कर, मी एकटा जातो. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. डब्याचे तारेचे दांडे एका धक्क्यात निखळले असते. मी वही पिशवीत टाकली आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या पेटीत कापूस भरून डबा ठेवला. एसटीत ती पेटी मी मांडीवर धरून बसले. काका खिडकीशी. लातूर येईपर्यंत ते ओठ हलवत होते. काय सांगायचं ते पाठ करत असावेत.

खादरभाईंची खाट पुढच्या खोलीत होती, दारासमोर; घर गल्लीच्या टोकाला, त्यामुळे खाटेवरून अख्खी गल्ली सरळ दिसायची. मी कल्पना केली होती त्यापेक्षा माणूस खूपच लहान दिसत होता. तोंड एका बाजूला गेलेलं. काकांनी डबा त्यांच्या डाव्या हातात दिला. खादरभाईंनी तो वर धरला, एक डोळा मिटला आणि जाळीच्या खिडकीतून आत पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग त्यांनी जीभ जुळवत, एकेक अक्षर ओढत विचारलं,

"गादी कां है?"

चाची हसल्या. मीही हसले. काकाही हसले, पण मी त्यांच्या बाजूला उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला लागले. बाकडं दाखवलं, पेटी दाखवली, गुडघा कुठे लागायचा ते स्वतःच्या गुडघ्यावर हात मारून दाखवलं. पत्रा कसा तापायचा, पावसात पाणी कुठून यायचं. पाठ केलेलं सगळं. खादरभाई डोळे मिटून ऐकत होते, का नुसतेच पडले होते, सांगता येणार नाही. काका थांबले तेव्हा ते म्हणाले, "लांब."

काय लांब, ते आम्हाला कळलं नाही. चाचींना कळलं. "दूर ले जाव बोलते."

मी डबा घेऊन दारापर्यंत गेले. खादरभाईंनी मान हलवली, अजून. तेव्हा काकांनी तो माझ्या हातून घेतला आणि स्वतः बाहेर पडले. गल्लीतून चालत गेले, पाण्याच्या टाकीपर्यंत, तिच्याही पुढे, जिथे गल्ली वळते तिथल्या कडुनिंबापर्यंत. तिथे ते आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. डाव्या हातात डबा, उजवा हात वर.

तिथून बाकडं दिसत नव्हतं. जाळी, पाटी, गंज, घासलेला दांडा, माझं दोन महिन्यांचं काहीच दिसत नव्हतं. एक तांबूस ठिपका आणि हात वर केलेला एक म्हातारा माणूस. हात हलत होता. कंपाने की मुद्दाम, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. खादरभाईंनी उशीवरून मान उचलली आणि आपला डावा हात वर केला. थोडा वेळ धरला आणि खाली सोडला.

मग ते चाचींना काहीतरी म्हणाले. मी खाटेपाशीच होते, मला ऐकू आलं.

"हर मोड पे दिखता था. कब्बी नै सोया."

"तो इत्ते साल काय कू सताए बेचारे कू?"

ते उत्तर द्यायला त्यांना फार वेळ लागला. "वो चिडता नै था. हसता था."

काका परत आले तेव्हा चाची चहा टाकायला उठल्या होत्या आणि खादरभाईंचा डोळा लागला होता. डबा आम्ही तिथेच खिडकीत ठेवला. काकांनी काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. मला वाटत होतं की ते मी सांगायचं नाही, खादरभाईंनीच सांगायला हवं.

परतीच्या बसमध्ये चाकूर मागे पडलं तेव्हा काकांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "मी तिकडं उभा होतो तवा तो काही म्हनला का?"

मी सांगितलं. त्यांच्या शब्दांत, जसंच्या तसं, चाचींचा प्रश्न आणि त्यावरचं उत्तर धरून. सांगताना माझ्या मनात होतं की मधलं काही गाळावं का, शेवटचं तरी. पण गाळलं नाही.

काका ऐकत राहिले. "हर मोड पे?" त्यांनी एकदा विचारलं.

"हो. तसंच म्हणाले."

"लबाड हाय," ते म्हणाले.

अहमदपूरच्या आधीच त्यांची मान खिडकीच्या दांड्याला टेकली. मी अवघड पेपरची वही काढली, पण रस्ता खराब होता, अक्षरं हलत होती, म्हणून परत ठेवली. अहमदपूरला बरीच माणसं चढली, कोणाची तरी पिशवी काकांच्या डोक्याला लागली, लोह्याला ड्रायव्हरने दोनदा जोरात ब्रेक मारला. काका नांदेड येईपर्यंत झोपले होते.